गुरुवारी उघडू

भाऊ,

तुमचा म्हणून एक नियम मी सतरा वर्षं पाळला. या पावसाळ्यात तो मोडला, आणि मोडल्यावर इतकं हलकं वाटलं की ते कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आईला सांगून पाहिलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्याम्होरं काय सांगतीस, बापाला सांग." तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली हे तिला माहीत आहे. मलाही आहे. तरी सूचना योग्य वाटली, म्हणून लिहिते.

नियम असा: चालू मशीन उघडायचं नाही. तो तुम्ही मला तीस माणसांसमोर सांगितलात. मी बारा वर्षांची होते. कार्ल्याच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या आबांच्या खाचरात इर्जिक होती. म्हणजे वस्तीतल्या सगळ्या घरांनी मिळून एका घराची भातलावणी उरकायची आणि त्या घरानं सगळ्यांना जेवू घालायचं. पावसानं आठवडाभर दडी मारली होती, त्यामुळे ओढ्यावर पंप लावून खाचरात पाणी चढवत होते. तुम्ही फाट्यावरचं पंपदुरुस्तीचं दुकान बंद करून आला होतात, कारण आपल्याकडे शेत नव्हतं आणि इर्जिकीतला तुमचा वाटा म्हणजे पंप सांभाळणं. मी तुमच्या पान्यांची पेटी घेऊन काठावर बसले होते. पंपाचा आवाज मला बरोबर वाटेना. बादलीत खडे घोळवावेत तसा येत होता. "भाऊ, आत खडे हायत," मी म्हटलं. तुम्ही "हं" म्हणालात आणि फुटलेला बांध बघायला गेलात. मी पाच मिनिटं थांबले. मग पाना घेऊन ओढ्यातून पाणी खेचणाऱ्या पाइपाच्या जोडाचे दोन नट ढिले केले.

पाइपात हवा शिरली, पंपानं पाणी सोडलं, आणि खाचरात पडणारी धार बघता बघता बारीक होऊन थांबली. हातात रोपांच्या मुठी घेऊन वाकलेली तीस माणसं एकेक करून सरळ झाली आणि माझ्याकडे बघायला लागली. बादल्यांनी पाइप भरून पंपानं पुन्हा पाणी धरेपर्यंत एक तास गेला. त्या तासात एक मावशी म्हणाल्या, मिस्त्रीची पोरगी आहे, काहीतरी उघडल्याशिवाय तिला जेवण जायचं नाही. सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. माझ्या हातातल्या पान्याकडे बघून तुम्ही म्हणालात, "चालू मशीन उघडायचं न्हाई. ठिव तो पेटीत." एवढंच. मी पान्याला लागलेला चिखल पुसला, तो पेटीत ठेवला, आणि दुपारी पंगतीला न बसता बैलगाडीच्या मागे बसून राहिले. पुढचे चार दिवस तुमच्याबरोबर कुठंच आले नाही. शाळा आहे, असं कारण दिलं. शाळा होतीच.

त्याच आठवड्यातलं आणखी एक आठवतं. गुरुवारी संध्याकाळी तुम्ही पिशवीभर खेकडे घेऊन आलात. आईनं बारके पाय पाट्यावर वाटले, गाळून घेतले, आणि घरभर तो वास सुटला. जेवायला बसल्यावर तुम्ही सगळ्यात मोठी नांगी पेल्याच्या बुडानं फोडलीत आणि माझ्या ताटात ठेवलीत. मोठी नांगी नेहमी आईच्या ताटात जायची. आईनं तुमच्याकडे पाहिलं, तुम्ही भात कालवायला लागलात. मी ती नांगी खाल्ली आणि तुमच्याशी बोलले नाही. नांगी उत्तम होती, हे मला तेव्हाही मान्य होतं.

त्यानंतर तो नियम मी जिथं तिथं लावत गेले. त्रास न देणारी अक्कलदाढ ठेवली. आवाज करणारी पण चालणारी स्कूटर ठेवली. कॉलेजात एका विषयाला कमी गुण पडले तेव्हा पेपर फेरतपासणीला टाकला नाही, कारण पास तर झाले होते. आणखी एक केलं, ते तुम्हाला कधी कळलं नाही: आवाजावरून अंदाज करणं सोडून दिलं. ज्याला आकडा नाही त्यावर बोलायचं नाही, असं ठरवलं. यंत्रशाखेची पदवी घेतली आणि उर्से टोलनाक्यापलीकडच्या एका कंपनीत मोजमाप विभागात लागले. तिथं एका बंद खोलीत वर्षभर वीस अंश तापमान असतं आणि मी इतरांची मोजण्याची साधनं बरोबर मोजतात की नाही ते तपासते. काम मला आवडतं. कुणी "वाटतं" म्हणालं की मी "किती?" विचारते. खोलीतले लोक मला घाबरतात, थोडेसेच.

एप्रिलमध्ये जत्रेचं मटण खाऊन आलेल्या रात्री उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं. दुखणं पाठीतून खांद्याच्या पात्यापर्यंत गेलं आणि दोन तास दहा मिनिटांनी थांबलं. मी वही काढली. तारीख, वेळ, काय खाल्लं, किती वेळ दुखलं, असे रकाने आखले. मे महिन्यात दोनदा भर पडली, एकदा वड्यांनी आणि एकदा बारशाच्या पुरणपोळीवरच्या तुपानं. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सगळ्यात मोठा अकरा मिलिमीटर. तळेगावच्या डॉक्टरबाई शांत आहेत. माझा तक्ता त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाल्या, असा पेशंट रोज आला तर माझं काम अर्ध्यावर येईल. मग सरळ सांगितलं: त्रास नसता तर नुसतं लक्ष ठेवा म्हटलं असतं, पण तुम्हाला त्रास होतोय, तेव्हा काढलेलं बरं. मी विचारलं, खडे काढायचे तर अख्खी पिशवी का? त्या म्हणाल्या, पिशवीच खडे करते आहे, नुसते खडे काढले तर ती नवे करील. पित्त तयार करतं यकृत, ते जागेवरच राहतं. पिशवी फक्त साठवण. मी विचारलं, आजच करायला हवं का? "आज घाई नाही," त्या म्हणाल्या. "पण खडा सरकून नळीत अडकला तर मात्र घाई होईल, आणि घाईतलं ऑपरेशन मलाही आवडत नाही, तुम्हालाही आवडणार नाही."

मी विचार करून सांगते म्हणून घरी आले. खरं तर विचार झालेला होता. एकदा काढलेला भाग परत बसवता येत नाही. दोन दुखण्यांच्या मधे मी अगदी ठणठणीत असते, कामावर जाते, वलवणच्या धरणापर्यंत चालून येते. मशीन चालू आहे. चालू मशीन उघडायचं नाही.

आईनं तिच्या बाजूनं इलाज सुरू केला. खडे म्हटल्यावर तिला एकच गोष्ट माहीत: कुळीथ. रोज सकाळी कुळथाच्या कढणाचा पेला माझ्यापुढे यायला लागला. शेजारच्या मावशींनी पानफुटीची पानं आणून दिली, मीठ लावून चावायला. हे दोन्ही मुतखड्यावरचे उपाय आहेत, आणि मुतखडा मूत्रपिंडात असतो, हे मी आईला समजावून सांगितलं. पटेना, तेव्हा परातीतल्या भाकरीच्या पिठात बोटानं आकृती काढली: हे यकृत, ही त्याखालची पिशवी, हे मूत्रपिंड, ही त्याची नळी. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आईनं आकृती नीट पाहिली, मग त्याच पिठात पाणी ओतून मळायला घेतलं. "खडा त्यो खडा," ती म्हणाली. "त्याला काय नकाशा कळतोय?" मी एकवीस दिवस कढण प्याले. तक्त्यात त्याचाही रकाना केला. त्या एकवीस दिवसांत एकदाही दुखलं नाही, आणि त्याचं श्रेय कुणाला द्यायचं यावर आमचं अजून एकमत नाही, कारण त्याच दिवसांत मी तेल जवळपास बंद केलं होतं. बिनफोडणीची आमटी वाढताना आई तोंड असं करायची, जणू चूक तिची आहे.

चौथ्यांदा दुखलं ते बावीस जूनला, त्या वीस अंशांच्या खोलीत. सकाळी कॅन्टीनमध्ये कुणीतरी पेढे वाटले होते आणि मी एक खाल्ला होता. एकच. दुखण्यानं मी खाली फरशीवर बसले आणि पावणेचार तास उठले नाही. घामानं अंग भिजलं. खोलीत माणूस जास्त वेळ थांबला तर तापमान वाढतं, म्हणून आम्ही एका वेळी दोघंच आत थांबतो. त्या दिवशी पाच जण माझ्याभोवती उभे होते आणि भिंतीवरचा आकडा एकवीसच्या वर गेला होता. मला दुखण्यापेक्षा त्याचीच जास्त लाज वाटली. वहीत चारही आकडे एकाखाली एक लिहिल्यावर ते वाढत चाललेत हे शाळेतल्या मुलालाही दिसलं असतं. मला दिसत होतं. तरीही मी डॉक्टरबाईंना फोन केला नाही. भाऊ, मी हट्टी नाही. पण बाराव्या वर्षी मी एकदा आवाज ऐकून उघडायला गेले होते आणि चुकले होते. ती चूक परत करायची नव्हती, इतकंच.

जुलैत पावसानं पुन्हा दडी मारली आणि आबांकडे इर्जिक ठरली. मी शनिवारची रजा टाकली. आबांची आता सत्तरी उलटली, लावणीला वाकत नाहीत, बांधावर बसून इतरांना चुका सांगतात. जागा तीच, ओढा तोच, मोटार नवी. मला बघून म्हणाले, "आली का मिस्त्रीची पोरगी. बायांनो, पंप संभाळा गं." सतरा वर्षं झाली तरी विनोद टिकून आहे. मी पंप चालू केला, आवाज ऐकला, ठीक होता, आणि सकाळभर रोपांच्या मुठी पोचवल्या. दुपारी पंगत बसली. इर्जिकीचं मटण असतं तसं होतं, तर्री वरपर्यंत आलेली. मी भात आणि वरचं तेल काढून टाकलेलं वरण घेतलं.

"का गं, माळ घातलीस का काय?" आबांनी विचारलं. मी खड्यांचं सांगितलं. मग काढत का नाहीस, म्हणाले. मी म्हटलं, दुखत नाही तेव्हा सगळं नीट चालतं, आणि चालू मशीन उघडायचं नाही, भाऊंनीच सांगितलंय.

"कवा?"

"इथंच. तुमच्या पंपावर. मी नट ढिले केले होते तेव्हा."

आबा हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, सुनेनं पाणी आणून दिलं. मला वाटलं, आता तीच जुनी गोष्ट सगळ्यांना पुन्हा ऐकवणार. पण त्यांनी मला खुणेनं उठवलं आणि पंपाजवळच्या दगडावर नेऊन बसवलं. आणि मग मला जे कधीच माहीत नव्हतं ते सांगितलं. त्या दिवशी लावणी उरकून लोक गेल्यावर तुम्ही पंपाशी एकटेच बसून होतात. आबा विचारायला आले, काय झालं. "तुझा बाप म्हनला, आबा, पोरगी बरोबर ऐकत हुती. आत हाय कायतरी. पन तीस मानसं चिखलात हुभी असताना उघडायचं नसतं. आपून हे गुरुवारी उघडू."

गुरुवार का, ते मला विचारावं लागलं नाही. गुरुवारी आपल्याकडे दुरुस्तीसाठी लाइट बंद असते. तुम्ही सगळ्यांचे पंप त्याच दिवशी उघडायचात, कारण ते तसेही बंदच असायचे. माझ्या कंपनीची साप्ताहिक सुट्टीही त्याच कारणानं गुरुवारची आहे. आबा त्या दिवशी म्हणाले होते, लावणी तर झाली, पंप चालतोय, आता कशाला उघडायचा? त्यावर तुमचं उत्तर त्यांना अजून पाठ आहे: "आपल्या वारी उघडू, आबा. न्हाईतर त्यो त्याच्या वारी बंद पडंल."

गुरुवारी तुम्ही दोघांनी मिळून पाइप बाहेर ओढला. टोकाच्या झडपेत, जिला इथं सगळे फुटबॉल म्हणतात, जाळी एका बाजूनं फाटलेली होती आणि आत एक खेकडा बसलेला. बारीक असताना शिरला असणार आणि आतच वाढला. त्याच्यामुळे झडप पुरती उघडत नव्हती, पाणी अडखळत येत होतं, आणि पंपात पाणी अडखळलं की खडे घोळवल्यासारखाच आवाज येतो. याला आमच्या पुस्तकात नाव आहे, चित्र आहे, समीकरण आहे. मी ते परीक्षेत लिहून पूर्ण गुण मिळवलेत, आणि तेव्हाही मला हा पंप आठवला नाही.

तुमची एक पद्धत होती. काढलेला भाग तुम्ही कधी फेकला नाहीत. झिजलेली बेअरिंग, फाटलेलं वॉशर, जे निघालं ते पुसून मालकाच्या हातावर ठेवायचात. बघू द्या त्याला काय दुखत होतं ते, म्हणायचात. मी आबांना विचारलं, मग तो खेकडा तुमच्या हातावर ठेवला का?

"न्हाई ना," आबा म्हणाले. "मी हात केला म्होरं. तर म्हनला, ह्याची मालक घरी रुसून बसलीय. मंग आमी बांधावरचं आनिक धा-बारा धरलं आन् पिशवीत घातलं."

पंपाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणून मी त्यांना सगळं परत एकदा सांगायला लावलं.

त्या सोमवारी मी डॉक्टरबाईंना फोन केला. लावणी संपलीय, ऑक्टोबरात आमच्या कंपनीची वार्षिक तपासणी आहे, मधे कधीही चालेल, म्हणाले. त्या म्हणाल्या, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सोमवार आहे किंवा गुरु... मी गुरुवार म्हणाले. त्यांना वाक्य पुरं करू द्यायला हवं होतं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फार नाही. चार भोकं, त्यातलं मोठं बेंबीपाशी. गुंगीचं औषध देणाऱ्या डॉक्टरांनी उलटे आकडे मोजायला सांगितले, मी शंभरपासून सुरू केले आणि चौऱ्याण्णवपर्यंतचे आठवतात. जाग आल्यावर पोटापेक्षा खांदा जास्त दुखत होता; पोटात भरलेल्या हवेमुळे तसं होतं हे त्यांनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे दुखलं तेव्हा मला बरंच वाटलं. सांगितल्याप्रमाणे घडलेली गोष्ट मला आवडते. दुसऱ्या दिवशी सोडताना डॉक्टरबाई आल्या आणि मी न मागता त्यांनी एक छोटी बाटली माझ्या तळहातावर ठेवली. "हे तुमचं," म्हणाल्या. मी मान खाली घालून आतले खडे मोजत राहिले. त्यांना वाटलं, मला मळमळतंय.

घरी आल्यावर आईनं बाटली उजेडात धरली. "एवढंसं?" मग चष्मा लावून पुन्हा पाहिलं आणि समाधानानं म्हणाली, "बघ, कुळथानं कडा कशा गुळगुळीत झाल्यात." मी वाद घातला नाही. तुमची पेटी काढली, त्यातला तुमचा व्हर्निअर घेतला आणि मोठा खडा तीनदा मोजला. तिन्ही वेळा दहा पूर्णांक सहासष्ट. तुमचा व्हर्निअर चार शतांश जास्त दाखवतो. मी तो मागेच कंपनीत तपासून आणलाय. वजा करून दहा पूर्णांक बासष्ट लिहिलं. सोनोग्राफीवाल्यांचं फारसं चुकलं नव्हतं.

आता सप्टेंबर संपत आलाय. भात निसवलंय, लोंब्या बाहेर आल्यात, खाचरांवरून वारा आला की घरात वास येतो. वहीत बावीस जूननंतर नोंद नाही. मागच्या रविवारी आबांची सून पिशवी देऊन गेली, ओलं फडकं टाकून झाकलेली, आत खडखड चाललेली. डॉक्टरबाईंनी हळूहळू सगळं खायला सांगितलंय, पहिल्यांदा थोडं. आईनं पाय वाटले, गाळले, आणि कित्येक महिन्यांनंतर आमच्या घरात लसूण तेलात पडला. तिनं मोठी नांगी फोडून माझ्या ताटात ठेवली. मी ती उचलून तिच्या ताटात ठेवली. तिनं परत माझ्या. शेवटी अर्धी अर्धी केली. मी एक वाटी रस्सा प्याले, दोन तास वाट पाहिली, काहीच दुखलं नाही, आणि मग आणखी अर्धी वाटी प्याले.

हे पत्र पाठवायला जागा नाही. पेटीच्या वरच्या कप्प्यात, बाटलीशेजारी, व्हर्निअरखाली ठेवते.

एक नोंद मात्र दुरुस्त करायची आहे. वर मी लिहिलंय की पंपाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही म्हणून आबांना परत सांगायला लावलं. पंप तेव्हा बंद होता. जेवायच्या सुट्टीत तो मीच बंद केला होता. आबांनी एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि "पोरगी बरोबर ऐकत हुती" पासून सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा जरा मोठ्यानं.